रघोजीमामांच्या अडीचशे पिशव्या

गेल्या उन्हाळ्यात तंजावुरात, मेलवीधीच्या मागच्या गल्लीत बातमी उठली, की रघोजीमामांचे डोळे गेले.

पार गेले असं नव्हे. पण उजेड म्हणून सोसत नाही म्हणे. पुरावा ढीगभर होता. न्हाणीघराच्या खिडकीला आतून काळा कागद चिकटवलेला. आत नेहमीचा दिवा काढून लालभडक बारका दिवा लावलेला. रघोजीमामा दिवसातून तीनतीनदा आत शिरायचे, दार लावून घ्यायचे, आणि बाहेरून कुणी कडीला हात लावला की ओरडायचे, "उजेड येईल, उजेड येईल." बातमी सोडली होती औषधाच्या दुकानातल्या तुळजारामने. हा माणूस जांभई दिली तरी डोस लिहून दिल्यासारखी देतो. त्याने गल्लीला सांगितलं, "दोन्ही डोळे. हळूहळू. जेवणानंतर जास्त."

मग काय, गल्लीने मनावर घेतलं. डोळ्यांना पोन्नांगण्णीची भाजी चांगली, हे तंजावुरात लहान पोरालाही ठाऊक असतं. आठ दिवस रघोजीमामांच्या दारात हिरव्या जुड्या येऊन पडत होत्या. भुवनामामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पोन्नांगण्णीची परतून भाजी केली, डाळीत घातली, अडईच्या, म्हणजे डाळीच्या जाड डोशाच्या, पिठात चिरून घातली. नवव्या दिवशी त्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने, पण कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "डोळे त्यांचे धड आहेत. पोदुम, पुरे. आता आमची पोटं बिघडतील."

आणि डोळे खरंच धड होते. गच्चीवर उभे राहून रघोजीमामा लांबच्या वळणावरची टाउन बस तिचा नंबर दिसायच्या आधी ओळखत. न्हाणीघरात जे चाललं होतं त्याला स्क्रीन प्रिंटिंग म्हणतात. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणायचं, त्यावर हिरवट औषध फासायचं आणि ते अंधारात वाळू द्यायचं. मग चौकट पालथी करून जाळीवर चित्र काढलेला पारदर्शक कागद ठेवायचा, वरून काच ठेवायची आणि चौकट उन्हात न्यायची. ऊन लागेल तिथलं औषध दगड होतं, चित्राच्या काळ्या रेघेआड लपलेलं पाण्याने धुऊन जातं. तिथून शाई खाली उतरते. अंधार हवा तो औषधाला, मामांना नव्हे.

आता हे सगळं कुणी शोधून काढलं, तर समोरच्या घरातल्या कीर्तनाने. वय सोळा, जीभ फार लांब. हे लिहिणारी तीच, पण इथे तिला 'ती'च म्हणू या. गोष्ट मामांची आहे. कीर्तनाचा एकच धंदा, लोकांच्या नकला. तुळजारामचा डोस ती करायची, भुवनामामींचा उंबरा करायची, पण तिचा हातखंडा म्हणजे रघोजीमामा.

कारण रघोजीमामांचा आवाज तसा आहेच. तेहतीस वर्षं ते बसस्टँडवर टाइमकीपर होते. लोखंडी खोक्यातून निघावा तसा आवाज, सगळा नाकातून, आणि शेवटचं अक्षर वर ओढलेलं: "ओरत्तनाडु ओरत्तनाडु ओरत्तनाडुऽ, पाच मिनिटं. पापनाशम मागे घ्या, मागे घ्याऽ." निवृत्त झाले, माइक गेला, आवाज राहिला. घरात ताटावर बसले तरी, "सांबार, दोन मिनिटंऽ." मुलगी सुंदरी ऑफिसला निघाली की, "सुंदरी निघतेय, सुंदरी निघतेयऽ." पहिल्या महिन्यात भुवनामामींनी दूध तापवायलाही वेळापत्रक सोसलं. दुसऱ्या महिन्यात त्यांनी सांगितलं, की माणसाने हाताला काहीतरी लावून घ्यावं, नाहीतर घड्याळ काढून ठेवावं.

मामांनी हाताला लावून घेतलं. आधी कागदाच्या लगद्याची डोलणारी बाहुली केली. आपल्या गावची बाहुली मान डोलावते, सगळ्या जगाला हो म्हणते. मामांची बाहुली एकदाच नाही म्हणाली आणि मान एका बाजूला टाकून तशीच राहिली. मग त्यांनी तंजावूर चित्र काढायला घेतलं. सोन्याचा वर्ख पंख्याच्या वाऱ्याने उडून त्यांच्या मिशीला चिकटला, आणि ते तसेच दूध आणायला गेले. तिसऱ्या खेपेला एका कॉलेजातल्या मुलींनी दोन रविवार भरवलेल्या फुकट वर्गात ते जाऊन बसले, आणि तिथे त्यांना कळलं की चौकट उन्हात किती मिनिटं ठेवायची यावर सगळं अवलंबून असतं.

मिनिटं. तेहतीस वर्षांनी कुणीतरी त्यांना परत मिनिटं दिली होती.

गच्चीच्या भिंतीवर खडूने वेळापत्रक उमटलं. सकाळी दहा: चार मिनिटं. बारा: अडीच. चार वाजता: साडेपाच, ढग असल्यास प्रवाशांनी चौकशी करावी. चौकट उन्हात ठेवून मामा घड्याळाकडे बघत उभे राहायचे आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटाला आवाज द्यायचे, "चौकट सुटतेय, चौकट सुटतेयऽ." समोरच्या गच्चीवरून कीर्तना त्याच सुरात ओरडायची, "मागे घ्या, मागे घ्याऽ." मामा वळूनही बघत नसत. पण चौकट घेऊन खाली जाताना म्हणत, "शेवटचं अक्षर अजून वर ने. उतरतंय तुझं."

हात बसत गेला. रुमालावर लिंबू उमटलं. बाजाराच्या पिशवीवर वांगं उमटलं, वांग्याला देठही आला. मग उशीच्या अभ्र्यावर निळी टाउन बस उमटली, आणि तिथे घात झाला. शाई उन्हात पुरती पक्की व्हायच्या आत भुवनामामी त्या उशीवर दुपारच्या झोपल्या. संध्याकाळी देवळात प्रदक्षिणा घालताना बायका त्यांच्याकडे वळून वळून बघत होत्या, आणि मामींना वाटत होतं नवी साडी खुलतेय. गालावर बस होती. चाकांसकट.

इतक्यावरही त्यांनी सामान बाहेर फेकलं नाही, कारण सुंदरीचं लग्न ठरलं होतं आणि रागवायला वेळ नव्हता.

आमच्या इकडे लग्नातून पाहुणा हात हलवत जात नाही. दारात त्याला तांबूल पिशवी देतात: विडा, सुपारी, नारळ, आणि पिशवीवर नवरानवरीचं नाव. पिवळी कापडी पिशवी. ती पुढे दहा वर्षं भाजीला जाते. मामा म्हणाले, पिशव्या मी छापणार. अडीचशे. सगळ्या हाताने.

भुवनामामींनी गालावरून हात फिरवला. मग अट घातली. नवऱ्यामुलाचे आजोबा हनुमंतराव, पापनाशमचे, तिकडे पुण्या-नागपूरकडे रेल्वेत नोकरी करून आलेले, हयातभर लोकांच्या चुका काढत आलेले. त्यांच्यासमोर आपल्या दारात एक पिशवी वाकडी निघाली, तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या चौकटी, सगळ्या शाया आणि तो लाल दिवा रद्दी नेणाऱ्या जुन्या कागदवाल्याच्या गाडीवर. न्हाणीघर परत न्हाणीघर. मामांनी घड्याळाकडे बघून "सरी", म्हणजे बरं, म्हटलं. हरलो तर परत सांबार आणि दोन मिनिटं, हे त्यांना न सांगता कळलं होतं.

पिशवीच्या एका बाजूला तमिळमध्ये नावं आणि तारीख. ते सोपं. दुसऱ्या बाजूला मामांना आणखी एक ओळ हवी होती, आणि तिच्याबद्दल त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. त्यांची आई, घरातून पाहुणा निघाला की खांबाला टेकून विचारायची, "पोट भरलं? मग जाऊन या." कुणालाही. गॅसची टाकी आणणाऱ्यालासुद्धा. ही ओळ त्यांना मराठीत हवी होती, आणि मराठीच्या अक्षरांत. आता आमचं, पिढ्यान्पिढ्या तंजावुरात राहिलेल्यांचं, मराठी म्हणजे तोंडातलं. घरात बोलतो, भांडतो, मांजराला हाकलतो, पण लिहायची वेळ आली की हात तमिळकडे जातो. रघोजीमामांना ती अक्षरं वाचता येत नाहीत, मामींना नाहीत, सुंदरीला नाहीत. गल्लीत येतात ती एकट्या कीर्तनाला, तीही हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. आणि ती सुटीला आजीकडे ओरत्तनाडुला गेली होती.

मामांनी फोनला तोंड लावून ती ओळ सांगितली. फोनने मराठी अक्षरं काढून दिली. झेरॉक्सवाल्याने ती मोठी करून पारदर्शक कागदावर उतरवली. मामांनी कागद छातीशी धरून आणला.

तमिळचा कागद जाळीवर कसा ठेवायचा हे त्यांना पाठ होतं: पालथ्या चौकटीवर अक्षरं उलटी दिसली की कापडावर सुलटी. दोन रुमाल वाया घालवून शिकलेली विद्या ती. मराठीचा कागद मात्र त्यांनी या बाजूने बघितला, त्या बाजूने बघितला. पारदर्शक कागद, दोन्हीकडून तितकाच देखणा. एकच खूण त्यांना माहीत होती, की या अक्षरांना वर रेघ असते. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी अक्षरं खाली लोंबतात. रेघ वर आली आहे ना? आली. मग झालं. त्यांनी काच ठेवली. "चौकट सुटतेय, चौकट सुटतेयऽ."

चार दिवस ते छापत होते. रबराची पट्टी एकाच दाबाने ओढायची, चौकट उचलायची, पिशवी दोरीला. एकही डाग नाही, एकही वाकडी नाही. लग्नाला दोन दिवस उरले असताना अडीचशे पिवळ्या पिशव्या गच्चीवर वाऱ्याने हलत होत्या आणि मामा त्यांच्यामधून जुन्या स्टँडवरून फिरावं तसे हात मागे बांधून फिरत होते.

त्या दुपारी कीर्तना परत आली. बॅग दारात टाकून ती थेट मामांच्या गच्चीवर गेली, नाकातला आवाज लावून, "ओरत्तनाडु गाडी आलीऽ..." आणि पिशव्यांसमोर तो आवाज मध्येच बंद पडला.

मामा फिरायचे थांबले. या पोरीला गप्प बसलेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"मामा," ती म्हणाली, तिच्या स्वतःच्या आवाजात, "आरशात बघितल्यासारखं झालंय. सगळं उलटं."

मामांनी पिशवी हातात घेतली. रेघ वरच होती. कितीतरी वेळ ते त्या अक्षरांकडे बघत राहिले, की कुठेतरी चूक दिसेल. दिसेना. स्वतःच्या भाषेतली स्वतःची चूक आणि तीही दुसऱ्याने बोट ठेवल्याशिवाय दिसू नये, याचं त्यांना हसू यायला हवं होतं, आलं नाही. कापड संपलं होतं. पक्की शाई निघत नाही. कीर्तनाने समजूत घातली, की मामा, कुणाला कळणार आहे, अख्ख्या मांडवात वाचणारं कोण आहे. मामा म्हणाले, "हनुमंतराव." आणि खाली निघाले, बायकोला सांगायला.

खाली मामी चटईवर बसून बायकांच्या तांबुलाची तयारी करत होत्या. सवाष्णींना विड्याबरोबर हळद, कुंकू, छोटी फणी आणि तळहाताएवढा आरसा द्यायचा रिवाज. रघोजीमामांनी आडपडदा ठेवला नाही. कुठली ओळ, का छापली, कशी उलटी झाली, सगळं सांगितलं. मामींनी पिशवी घेतली. डोळ्यांपासून लांब धरली, जवळ धरली.

"मला तर सरळच दिसतंय," त्या म्हणाल्या.

कीर्तनाने चटईवरचा एक आरसा उचलून पिशवीसमोर धरला आणि आत बोट दाखवलं. मामी वाकल्या. बराच वेळ बघितलं.

"हेपण सरळच दिसतंय."

कीर्तनाला हसू फुटलं. पण रघोजीमामा हसले नाहीत. ते बायकोच्या खांद्यावरून आरशात बघत होते. मग चटईवरच्या आरशांच्या चळतीकडे. मग परत पिशवीकडे. गाडी कुठल्या फलाटाला लावायची हे सुचल्यावर पूर्वी त्यांची मान जशी ताठ व्हायची तशी झाली.

"आरसा सगळ्यांना द्यायचा," ते म्हणाले. "प्रत्येक पिशवीत. पुरुषांनाही."

यावर मामी जे बोलल्या ते पुष्कळ होतं. थोडक्यात असं, की त्यांच्या माहेरी, सासरी आणि दोन्हीकडच्या सात पिढ्यांत कुठल्याही पुरुषाच्या विड्यात आरसा गेलेला नाही. उद्या फणीही द्या, गजराही द्या. मामा ऐकून घेत राहिले. शेवटी इतकंच म्हणाले, "भुवना, आईची ओळ आहे ती." मामी थोडा वेळ हळदीच्या पुड्या बांधत बसल्या. मग म्हणाल्या, की अट अट आहे; हनुमंतरावांनी नाक मुरडलं तर कागदवाल्याची गाडी दारात येईल. पण आरसे आणा.

पैज इथे लागली. कीर्तना म्हणाली, आरसा हातात आल्यावर लोक काय बघतात ते मला विचारा. केस बघतील, दात बघतील, मिशी बघतील. तुमची ओळ बघायला दहा माणसंसुद्धा आरसा धरणार नाहीत. मामा म्हणाले धरतील. हरलो तर मांडवातल्या माइकवरून मी तुझ्या सांगण्याप्रमाणे तुळजारामची नक्कल करीन, अख्ख्या गावासमोर. कीर्तनाला आभाळ ठेंगणं झालं. आणि ती हरली तर? मामांनी तिच्या कानात सांगितलं. तिने न ऐकल्यासारखं करून हात पुढे केला, कारण हरायचा प्रश्नच नव्हता.

लग्न झालं. जेवणं झाली. मांडवाच्या दारात रघोजीमामा पिशव्या घेऊन उभे राहिले, शेजारी मामी, आणि खांबाआड कीर्तना बोटं मोजायला. पहिल्या वीस माणसांनी पिशव्या घेतल्या, आत डोकावलं, आरसा काढला आणि खरोखरच दात बघितले. एका पाहुण्यांनी तर कानातला केस उपटला. कीर्तना खांबाआड तुळजारामचा आवाज घासूनपुसून तयार करत होती.

मग हनुमंतराव आले. पांढरं धोतर, कपाळाला आठी, हातात काठी. पिशवी घेतली. तमिळ बाजू वाचली, तारीख तपासली, पिशवी उलटली. आणि थांबले.

रघोजीमामांनी तेहतीस वर्षांत ब्रेक निकामी झालेली गाडी स्टँडात शिरताना दोनदा पाहिली होती. दोन्ही वेळा असंच ऐकू यायचं बंद झालं होतं.

हनुमंतरावांनी मान तिरकी केली. पिशवीत हात घातला, नारळ बाजूला सारला, आरसा काढला. ओळीसमोर धरला. ओठ हलले. आणि मग त्यांनी शाळेतल्यासारखं, एकेक शब्द सुटा करून मोठ्याने वाचलं, "पोट. भरलं. मग. जाऊन. या."

मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, ही तर माझी सासू. दुसरी म्हणाली, सासू कसली, आमची काकू असंच म्हणायची, आणि एक लाडू हातात कोंबायची. हनुमंतरावांनी काठी खांबाला टेकवली आणि जो येईल त्याला आरशात दाखवायला लागले, हा 'पो', हा 'ट', इथे रेघ. वाचता कुणालाच येत नव्हतं, पण तोंडातला शब्द दिसतो कसा हे प्रत्येकाला बघायचं होतं. ज्यांनी दात बघून आरसे ठेवले होते तेही चपला काढून परत आत आले. दारात गर्दी झाली, पिशव्यांचे नारळ एकमेकांवर आपटायला लागले.

"हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात," हनुमंतराव मामांना म्हणाले. "तुम्ही पिशवीला लावलात. मुद्दाम केलंत?"

मामा खरं सांगायला तोंड उघडणार, तोच भुवनामामींचा पाय त्यांच्या पायावर पडला, पैंजणासकट. "महिनाभर डोकं चालवत होते," मामी म्हणाल्या. "आम्हाला न्हाणीघर मिळत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी जुन्या कागदवाल्याची गाडी गल्लीतून गेली आणि मामींनी ती जाऊ दिली. वर मामांना बजावलं, की आता सोप्याच्या पडद्यांवर काहीतरी छापा, फक्त बस नको.

राहिली कीर्तना. तिने बोटं सत्तेचाळीसवर सोडून दिली होती, पण ती सहजासहजी शरण जाणाऱ्यांतली नव्हे. तिचं म्हणणं, पैज वाचण्याची होती. वाचलं ते एकट्या हनुमंतरावांनी, बाकीच्यांनी नुसतं पाहिलं. मामांनी शांतपणे सांगितलं, की पैज आरसा धरण्याची होती, आणि स्टँड सोडलेली गाडी नोंदवहीत सुटलीच म्हणून लागते, प्रवासी जागा असो की झोपलेला. तेव्हा ठरल्याप्रमाणे तीस दिवस कीर्तनाने गल्लीत कुणाचाही आवाज काढायचा नाही. तुळजारामचा नाही, मामींचा नाही, मामांचा तर नाहीच.

आज अकरावा दिवस आहे. नकला बंद आहेत म्हणून हे सगळं लिहून काढलं. लिहिण्याबद्दल पैजेत काही ठरलं नव्हतं. सकाळी मामांना तसं सांगितलं, तर ते गच्चीवरून घड्याळ बघत म्हणाले, एकोणीस दिवस बाकी.